रिसीव्हर पारखताना चेंडू विसरा: अव्वल वाइड रिसीव्हर ओळखायची पद्धत

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, हंगाम सुरू झाला की दर सोमवारी आमच्या ग्रुपवर एका हातात घेतलेल्या झेलाची क्लिप येते आणि तिच्याखाली निकाल लागतो: लीगमधला सर्वांत भारी वाइड रिसीव्हर (कडेने धावून पास झेलणारा खेळाडू) हाच. पुढच्या सोमवारी क्लिप दुसरी, माणूस दुसरा, निकाल तोच. दुसरा एक गट आहे तो स्टॉपवॉचवाल्यांचा. पोरगा ४० यार्ड ४.३ सेकंदांत पळतो ना, मग विषय संपला.

मी दोन्ही गटांत राहून आलोय. एका ऑगस्टमध्ये फॅन्टसी ड्राफ्टला (खरे खेळाडू निवडून आपापले कागदी संघ बनवायचा खेळ) प्री-सीझनमधल्या दोन लांबलचक टचडाउनवर (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन मिळवलेले गुण) भाळून मी एक पळता घोडा तिसऱ्या फेरीत उचलला. ऑक्टोबरपर्यंत तो त्याच्या संघाच्या बाकावर आणि मी आमच्या लीगच्या तळाला.

चूक सगळ्यांची एकच असते. नजर चेंडूमागे जाते. प्रमुख रिसीव्हर एका सामन्यात पासच्या खेळावर साधारण ३० ते ४० वेळा धावतो आणि त्याच्याकडे चेंडू येतो ८ ते १० वेळा. म्हणजे त्याचं तीन चतुर्थांश काम आपण पाहतच नाही, आणि जे पाहतो त्यातलाही शेवटचा अर्धा सेकंद पाहतो. खालचा क्रम स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन प्रत्येक खेळ सुरू होतो त्या क्षणाच्या, आधीपासून सुरू होतो आणि आकडे जवळजवळ शेवटी येतात. हा क्रम उलटा करू नका. आकडे आधी पाहिले की डोळे त्यांचीच बाजू घेतात.

## १. तयारी: फुटेज, सामने, वही

टीव्हीचा कॅमेरा चेंडूचा असतो. स्नॅप झाला की तो क्वार्टरबॅकवर (पास टाकणाऱ्या खेळाडूवर) जवळ जातो आणि कडेचे रिसीव्हर दुसऱ्या सेकंदाला चौकटीबाहेर. प्रशिक्षक मंडळी वापरतात ते फुटेज वेगळं, त्याला ऑल-ट्वेंटी-टू म्हणतात. कॅमेरा उंचावर आणि बावीसही खेळाडू खेळ संपेपर्यंत दिसतात. एनएफएलच्या सशुल्क सेवेत सामन्यानंतर ते मिळतं.

पैसे घालायचे नसतील तर एंड झोनपासून, म्हणजे टोकाच्या त्या गुणांच्या पट्ट्यापासून, २० यार्डांच्या आतले खेळ निवडा. तिथे मैदानच आखूड उरतं, त्यामुळे साध्या प्रक्षेपणातही रिसीव्हर बराच वेळ चौकटीत राहतो. स्टेडियममध्ये जाणार असाल तर कडेच्या खालच्या खुर्चीचा मोह सोडा आणि एंड झोनमागे वरच्या मजल्यावर बसा. चेहरे दिसणार नाहीत, पण रूट, म्हणजे धावायचे ठरलेले मार्ग, दिसतील. भारतात बसून बघणाऱ्यांना अडचण वेळेची: अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. पेंगुळलेल्या डोळ्यांनी पारख होत नाही. सकाळी चहासोबत रेकॉर्डिंग लावा.

सामने तीन घ्या: एक त्याने गाजवलेला, एक ज्यात त्याची कमाई ४० यार्डांच्या आत अडकली, आणि एक ज्यात समोर नावाजलेला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला धरणारा कडेचा बचावपटू) होता. वेळ नसेल तर गाजवलेला गाळा, बाकीचे दोन बघा.

वहीत प्रत्येक खेळाची एक ओळ. रकाने असे: डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि उरलेलं अंतर, कुठे उभा होता, समोरचा किती लांब, बचाव मॅन की झोन (पुढच्या भागात सांगतो), रूट कोणता, जिंकला की हरला, चेंडू आला का. जिंकला आणि हरला यांच्या शेजारी "कळलं नाही" अशी तिसरी खूण ठेवा.

तपासा: पहिल्या सामन्यात "कळलं नाही" ही खूण एकदाही पडली नसेल, तर तुम्ही बघत नव्हता, अंदाज ठोकत होता. माझ्या पहिल्या वहीत ती नव्हतीच, आणि ती वही मी रद्दीत दिली.

सावध: ड्राफ्टमधला (लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यातला) क्रमांक आणि उंची आधी बघू नका. पुका नाकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने १०५ झेलांत १,४८६ यार्ड केले. अँटोनियो ब्राउन २०१० मध्ये १९५ वा होता. स्टीव्ह स्मिथ उंचीने ५ फूट ९ इंच, तरी २००५ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्ही याद्यांत तो सर्वांत वर होता.

## २. स्नॅपच्या आधीचे दहा सेकंद

आधी तो उभा कुठे आहे ते लिहा, कारण तीन जागांची तीन वेगळी कामं असतात. नियमाप्रमाणे आक्रमणाचे किमान सात खेळाडू चेंडू ठेवलेल्या आडव्या रेषेवर लागतात. एका कडेचा रिसीव्हर त्या सातांत मोडतो. त्याला एक्स म्हणतात. तो रेषेवर असल्यामुळे कॉर्नरबॅक त्याच्या नाकासमोर येऊन उभा राहू शकतो. दुसऱ्या कडेचा झेड एखादा यार्ड मागे असतो, स्नॅपआधी आडवा सरकू शकतो, त्यामुळे त्याला धरणं अवघड. तिसरा स्लॉट, म्हणजे कडेचा रिसीव्हर आणि लाइनमन (मधोमध भिंतीसारखे उभे असतात ते) यांच्या मधला. त्याला डावी-उजवी दोन्ही दारं उघडी असतात.

इथे लोकांचा गोंधळ होतो. स्लॉटमधून ९ झेल घेणारा आणि एक्सवरून ६ झेल घेणारा यांची सरळ तुलना करतात. स्लॉटचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. कूपर कपने २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले, ते मोठ्या प्रमाणात आतल्या जागांवरून, आणि त्या वर्षी त्याच्याइतका हुशार रिसीव्हर दुसरा नव्हता. पण गुण देताना जागेप्रमाणे वेगळे द्या. एकाहून जास्त जागांवरून चालतो तो अव्वल, एकाच जागेवरून चालतो तो चांगला.

मग बचावाकडे बघा. रिसीव्हर स्नॅपआधी आडवा सरकला आणि एक बचावपटू त्याच्यामागे मैदानभर पळाला, तर बहुधा मॅन कव्हरेज: प्रत्येकाला आपापला माणूस वाटून दिलेला. सगळे जागीच थोडे हलले तर बहुधा झोन: माणूस नाही, जागा राखायची. त्यानंतर खोल उभे असलेले सेफ्टी, म्हणजे शेवटची फळी राखणारे बचावपटू, मोजा. एक की दोन? आणि त्यातला एखादा आपल्या रिसीव्हरच्या बाजूला कललाय का?

हा कल म्हणजे प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने दिलेलं प्रशस्तिपत्र. एका रिसीव्हरसाठी दोन माणसं खर्च केली की बाकीच्या मैदानात एक माणूस कमी पडतो. अशा दिवशी त्याचे आकडे ३ झेल, २८ यार्ड असे दिसतात आणि ग्रुपवर "आज गायब होता" असं लिहून येतं.

तपासा: कमी आकड्यांच्या सामन्यात त्याच्यावर दोघे किती वेळा होते ते मोजा. अर्ध्याहून जास्त वेळा असतील, तर तो सामना त्याच्या खात्यातून वजा करू नका.

## ३. रिलीज: पहिले पाच यार्ड

रिलीज म्हणजे स्नॅपनंतर समोरच्याच्या तावडीतून निसटणं. एनएफएलमध्ये पासच्या खेळात बचावपटू रिसीव्हरला रेषेपासून पाच यार्डांपर्यंत हात लावून अडवू शकतो. त्यापुढे अडवलं तर पाच यार्डांचा दंड आणि आक्रमणाला आपोआप पहिला डाऊन. म्हणून नाकासमोर उभ्या राहणाऱ्या कॉर्नरबॅकला त्याचं काम या पाच यार्डांतच उरकायचं असतं. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत सुटतो. रिसीव्हर रेषेवर एक सेकंद अडकला की तो रूट तिथेच संपला, पुढे तो मोकळा झाला तरी उपयोग नाही.

बघायचा क्रम: पाय, मग हात, मग खांदे.

पायांत हूल बघा. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू डावा पाय टाकून उजवीकडे जातो, तेच इथे. फरक इतकाच की चढाईवाल्याकडे अर्धं मिनिट असतं आणि याच्याकडे अर्धा सेकंद. डेव्हान्टे अ‍ॅडम्स या बाबतीतला पाठ्यपुस्तकी माणूस. शाळेत बास्केटबॉल खेळलेला, आणि ते दिसतं: हातात चेंडू नसताना ड्रिबल करतोय असं वाटावं इतका सैल उभा, एक खोटं पाऊल, समोरच्याची कंबर वळेपर्यंत थांबणं, आणि मग उलट दिशेला निघून जाणं.

हातांत बघा की समोरच्याचा हात छातीवर पडण्याआधी तो झटकला जातो का. खांदे म्हणजे निसटताना तो स्वतःला आडवा, अरुंद करतो का, की रुंद छाती देतो.

माझ्या वहीतली एक ओळ पूर्ण करून दाखवतो. तिसरा डाऊन, अजून ६ यार्ड लागणार. डावीकडे एकटा, रेषेवर, कॉर्नरबॅक हातभर अंतरावर आणि आतल्या बाजूला किंचित सरकलेला, म्हणजे आतला रस्ता बंद. स्नॅपला रिसीव्हरने दोन छोटी पावलं बाहेर टाकली, तिसरं बाहेरच पण लांब, आणि डोकंही बाहेर वळवलं. कॉर्नरबॅकने कंबर बाहेर वळवली. त्याच क्षणी रिसीव्हरने डाव्या हाताने त्याचा हात खाली दाबला आणि उजवा खांदा पुढे घालून आत शिरला. त्यानंतर त्याने जे केलं ते मी चौथ्यांदा बघताना दिसलं: सरळ स्वतःच्या रूटवर न जाता एक पाऊल कॉर्नरबॅकच्या पुढ्यात टाकलं, त्याला पाठीवर घेतलं. आता मागच्याला चेंडूपर्यंत हात न्यायचा तर माणसातूनच न्यावा लागणार. चेंडू आला नाही, दुसरीकडे गेला. माझ्या वहीत "जिंकला".

नेहमीची चूक: पायांचा नाच बघून टाळ्या. जागच्या जागी पाच पावलं टाकून सहाव्याला सुटणारा रिसीव्हर क्लिपमध्ये भारी दिसतो आणि त्याच्या क्वार्टरबॅकला डोकेदुखी होतो. प्रत्येक पाऊल थोडं तरी पुढे गेलं पाहिजे.

सावध: समोरचा आठ यार्ड मागे उभा असेल तर रिलीजचा रकाना कोरा सोडा. अडवायला कोणी नव्हतंच, गुण कसले देता?

## ४. स्टेम आणि ब्रेक: खरी परीक्षा

रिलीजपासून वळणापर्यंतची सरळ धाव म्हणजे स्टेम आणि वळण म्हणजे ब्रेक. सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, कारण चांगला आणि अव्वल यांच्यातली दरी इथे आहे.

आधी रूटचे आकडे पाठ करा. सर्वसाधारण रूट-ट्रीमध्ये सम आकडे आत वळतात, विषम बाहेर. २ स्लँट, ४ कर्ल (थोडं पळून मागे वळणं), ६ डिग, ८ पोस्ट. ३ कमबॅक, ५ आऊट, ७ कॉर्नर. ९ म्हणजे सरळ नाकासमोर पळत सुटायचं. संघागणिक नावं बदलतात, पण एवढ्यावर वही चालते.

आता कॉर्नरबॅकच्या जागी उभं राहून विचार करा. त्याला रूट माहीत नसतो. तो रिसीव्हरची कंबर आणि खांदे वाचत मागे पळतो आणि चाहूल शोधतो. वळायच्या आधी बहुतेक रिसीव्हर चहाडी करतात: डोकं वर येतं, हातांची हालचाल मंदावते, पावलं आखूड होतात. अव्वल रिसीव्हरचे पहिले दहा यार्ड सगळ्या रूटवर सारखे दिसतात. कर्ल असो की ९, तोच वेग, तोच वाकलेला खांदा, तेच हात. ही पायरी तपासायचा सोपा उपाय: त्याचे एक कर्ल आणि एक सरळ धाव असे दोन खेळ शेजारी शेजारी लावा, आठव्या यार्डावर दोन्ही थांबवा. (दर पाच यार्डांना मैदानावर आडवी रेघ असते, अंतर मोजायला तीच वापरा.) कोणता खेळ कोणता हे चित्रावरून सांगता येत नसेल, तर माणूस पक्का.

मग ब्रेक. पूर्ण वेगातून थांबायला किती पावलं लागली? कमबॅकवर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं, कारण पंधराएक यार्ड जीव तोडून पळायचं आणि मग उलट फिरून चेंडूकडे यायचं. तीनेक पावलांत थांबला तर उत्तम. सहा-सात लागली तर तोवर कॉर्नरबॅक जवळ पोचलेला असतो. वळल्यावर तो चेंडूकडे येतो की जागेवर उभा राहून वाट बघतो, तेही लिहा. वाट बघणाऱ्याच्या रूटवर चेंडू पळवले जातात, आणि शिव्या क्वार्टरबॅकला पडतात.

४० यार्डांच्या घड्याळाचं पितळ इथे उघडं पडतं. ती धाव सरळ रेषेत, अंगावर कोणी नाही, थांबायचं नाही, वळायचं नाही. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ सेकंदांची धाव मारली आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचा सर्वांत चांगला हंगाम ५०६ यार्डांचा. त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप ४.६२ ला पळाला आणि तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला. १९८५ मध्ये १६ वा निवडलेला जेरी राइसही घड्याळावर कुणाचे डोळे दिपवणारा नव्हता. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर २२,८९५ यार्ड होते. दुसऱ्या क्रमांकावरच्या लॅरी फिट्झजेराल्डपेक्षा पाच हजारांहून जास्त. गाडीचा वेग सपाटीवर दिसतो, चालक घाटात कळतो. वेग निरुपयोगी नाही, हेही सांगतो. टायरीक हिलसमोर कॉर्नरबॅक जास्त मागे उभे राहायचे ते वेगाच्या धाकानेच. पण वेग हा धाक आहे. पुढचं काम ब्रेकच करतो.

झोनसमोर हिशेब बदलतो. तिथे कोणाला हरवायचं नसतं, दोन बचावपटूंच्या मधली मोकळी जागा शोधून तिथे थांबायचं असतं. कच्चा रिसीव्हर मोकळ्या जागेतून पळत पुढच्या बचावपटूच्या कुशीत जातो. पक्का माणूस जागा सापडली की वेग कमी करतो, क्वार्टरबॅककडे तोंड करतो आणि छाती दाखवतो. बऱ्याच संघांत रूटला पर्याय असतात: समोर मॅन दिसला तर बाहेर वळ, झोन दिसला तर थांब. क्वार्टरबॅकने एक वाचलं आणि रिसीव्हरने दुसरं, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. चूक कोणाची होती हे बाहेरून बहुतेक वेळा कळत नाही. तिसरी खूण त्यासाठीच आहे.

तपासा: अंतर केव्हा मोजताय? क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटताना चित्र थांबवा. चेंडू पोचेपर्यंत थांबलात तर मधल्या वेळात बचावपटूने अंतर भरून काढलेलं असतं. मॅन कव्हरेजमध्ये हातभर जागा म्हणजे या लीगमध्ये मोकळाच. टीव्हीवर दाखवतात तो सरासरी अंतराचा आकडा चेंडू पोचतानाचा असतो आणि फक्त ज्या खेळात चेंडू त्याच्याकडे टाकला त्यांचाच. लांब रूट धावणारे त्यात नेहमी गरीब दिसतात.

## ५. चेंडू हवेत असताना

आता चेंडूकडे बघायला हरकत नाही. तेही थेट नको, रिसीव्हरच्या हातांवरून बघा.

खोल पासवर बचावपटूची पाठ चेंडूकडे असते. चेंडू कुठे आहे हे तो रिसीव्हरच्या डोळ्यांवरून आणि हातांवरून ओळखतो. म्हणून अव्वल रिसीव्हर हात शेवटच्या क्षणापर्यंत खाली ठेवतो. रँडी मॉसचे जुने टचडाउन लावा. २००७ मध्ये त्याने २३ केले, खाण कमी नाही. चेंडू येईपर्यंत हात धावत्या माणसाचे, आणि मग अचानक वर. बचावपटूला काही करायला वेळच उरत नाही.

छातीच्या वरच्या चेंडूला अंगठे जवळ, खालच्याला करंगळ्या जवळ. चेंडू हातांत घेतो की छातीवर आदळवून कवटाळतो? कवटाळणाऱ्याचे झेल सराव-सामन्यांत टिकतात, धक्का बसला की सुटतात. कडेच्या रेषेवर पाय बघा: एनएफएलमध्ये दोन्ही पाय आत हवेत, कॉलेजच्या खेळात एक पुरतो. कॉलेजमधला रिसीव्हर पारखत असाल तर त्याचा दुसरा पाय कुठे पडला तेही लिहून ठेवा. पुढे त्याला तेच लागणार आहे.

सुटलेल्या झेलांवरून घाईने माणूस निकालात काढू नका. २०२१ च्या प्री-सीझनमध्ये जमार चेसच्या हातून झेल सुटत होते आणि पाचव्या क्रमांकाची निवड वाया गेली असं बोललं जात होतं. त्याच हंगामात त्याने १,४५५ यार्ड केले, आणि २०२४ मध्ये झेल, यार्ड, टचडाउन तिन्हींत तो पहिला आला. चार-दोन झेल सुटणं हा नमुना फार लहान असतो.

आणि तो एका हाताचा झेल? बघा, आनंद घ्या, आणि मग स्वतःला विचारा: बचावपटू इतका जवळ का होता? गर्दीत झेल घेणाऱ्याच्या नावावर असे झेल सारखे जमत असतील, तर तो मोकळा होत नाही असाही अर्थ निघतो. उलट उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोविरुद्ध जस्टिन जेफरसनने चौथा डाऊन आणि १८ यार्ड असताना घेतलेला झेल. तिथे चेंडू टाकायला दुसरा मार्गच नव्हता. पण त्या दिवशी त्याचे एकूण १० झेल आणि १९३ यार्ड होते. क्लिप एकाच झेलाची फिरली, बाकीचे नऊ मला जास्त आवडतात.

## ६. झेलानंतर आणि चेंडूशिवाय

हे लवकर उरकतं. झेल घेतल्यावर पहिली दोन पावलं पुढे पडली की मागे-आडवी? पहिल्या बचावपटूने एकट्याने पाडला का? एवढं लिहा. झेलानंतरचे यार्ड मोठे दिसले तर पास कसला होता तेही बघा. रेषेमागे दिलेल्या पासवर हे यार्ड फुकट फुगतात.

मग त्याच्या संघाचे धावण्याचे दहा खेळ बघा. तो अडवायला जातो की कडेला चालत राहतो? हाइन्स वॉर्डसारखे रिसीव्हर अडवण्यासाठीच धसका घ्यावा असे होते. आळशीपणाचा तोटा नुसता स्वभावाचा नाही. जो धावण्याच्या खेळात चालत सुटतो, तो सुरुवातीलाच कॉर्नरबॅकला सांगून टाकतो की आत्ता पास नाही.

## ७. आकडे: आता उघडा

वही बंद करून आकड्यांकडे या. पहिला प्रश्न यार्ड किती हा नको, किती वेळा धावला हा हवा.

एक हिशेब करू. पहिला रिसीव्हर ३६ रूट धावला, ८४ यार्ड. दुसरा २२ रूट, ६० यार्ड. बातमीत पहिला वर. भागाकार केला तर पहिल्याचे दर रूटमागे २.३३ यार्ड, दुसऱ्याचे २.७३. हंगामभर दोनच्या वर राहणारा उत्तम, अडीचच्या वर राहणारे मोजकेच. एका सामन्याचा भागाकार मात्र काही सांगत नाही. तीन-चारशे रूट तरी हवेत.

त्यानंतर संघाच्या एकूण पासपैकी किती त्याच्याकडे गेले ते बघा. क्वार्टरबॅक कसाही असो, कठीण वेळी तो कोणाला शोधतो ते यात दिसतं. टचडाउन सगळ्यात शेवटी. केल्विन जॉन्सनने २०१२ मध्ये १,९६४ यार्डांचा विक्रम केला, तेव्हा टचडाउन किती? पाच. एंड झोनजवळ पास की धाव हे ठरवणारा तो नसतो.

सावध: २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा आहे, त्याआधी १६ चा. आज १,००० यार्ड म्हणजे सामन्यामागे ५९ सुद्धा नाहीत. आणि १९७८ च्या आधीच्या रिसीव्हरशी आजच्यांचे आकडे लावूच नका. पाच यार्डांपुढे हात न लावण्याचा नियम त्या वर्षी आला, तोवर कॉर्नरबॅक खोलवर ठोकत जाऊ शकत होता.

वही आणि आकडे जुळले नाहीत तर? वही चांगली, आकडे वाईट असतील तर क्वार्टरबॅक आणि बचावाचा कल पुन्हा तपासा. आकडे चांगले आणि वही वाईट असेल, तर त्याला चेंडू कुठे मिळतात ते बघा. बहुधा झोनमधल्या रिकाम्या जागेत, आखूड, प्रशिक्षकाने मोकळं करून दिलेले. असा माणूस संघ बदलला की ओळखू येत नाही.

## ८. शेवटची फेरी: कॉर्नरबॅकची साक्ष

निकाल लिहिण्याआधी फक्त तिसऱ्या डाऊनचे, सात किंवा जास्त यार्ड हवे असलेले खेळ गाळून काढा. पास येणार हे स्टेडियममधल्या चणेवाल्यालाही माहीत असतं, आणि तो याच्याकडे येणार हे बचावाला. तिथली जिंकल्या-हरल्याची मोजणी वेगळी मांडा. तीन सामन्यांत मिळून असे वीसेक खेळ मिळतात. निम्म्याहून जास्त जिंकले असतील, त्यात दोघांनी धरलेलेही असतील आणि जागा किमान दोन असतील, तर अव्वल लिहा. नाहीतर चांगला लिहा, तारीख टाका आणि सहा आठवड्यांनी त्याचा नवा सामना लावा.

आणि एकदा तेच फुटेज रिसीव्हरकडे अजिबात न बघता लावा. नजर कॉर्नरबॅकच्या टाचांवर. पहिल्या क्वार्टरमध्ये नाकासमोर उभा असलेला माणूस चौथ्या क्वार्टरमध्ये किती यार्डांवर उभा आहे ते मोजून शेवटच्या ओळीत लिहा. मात्र त्या कॉर्नरबॅकचा संघ चौदा गुणांनी पुढे असेल तर हे माप धरू नका. तेव्हा सगळेच मागे उभे राहतात.